झायनचे परसदार

गर्दीचा आपणांस मनस्वी तिटकारा आहे असे सांगणारी माणसे आम्हांस आयुष्यात पुष्कळ भेटली, आणि त्यांपैकी बहुतेक गर्दीतच भेटली. आम्ही स्वतः या संप्रदायातले जुने वारकरी आहोत. सिंहगडावर रविवारी पाऊल ठेवावयाचे नाही, गणपती पाहावयास रात्री बाहेर पडावयाचे नाही, आणि ज्या नाटकाची तिकिटे मिळत नाहीत ते नाटक मुळी चांगलेच नसावे अशी समजूत करून घेऊन घरी बसावयाचे, हे आमचे व्रत तीस वर्षे अखंड चालले आहे. गेल्या ऑक्टोबरात अमेरिकेतील यूटा संस्थानात मात्र हे व्रत पाळण्याची इतकी उत्तम सोय अकस्मात झाली की, आम्ही गडबडून गेलो. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियात नोकरीस असतात. त्यांस तिकडे जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांच्या आग्रहावरून आम्ही व आमच्या सौभाग्यवती सहा आठवड्यांसाठी तिकडे गेलो होतो, आणि त्यांतले चार दिवस 'झायन' या नावाच्या राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेविले होते. उद्यान हा शब्द ऐकून वाचकांनी ताटवे आणि कारंजी डोळ्यांपुढे आणू नयेत. दोन-दोन हजार फूट उंचीचे तांबडे कडे, त्यांच्या पायथ्याशी व्हर्जिन नावाची एक लहानशी नदी, आणि त्या नदीने लाखो वर्षे घासून-घासून कोरलेली अरुंद दरी, असे ते उद्यान आहे.

नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. झायन म्हणजे बायबलातला सायन. मिल्टनच्या महाकाव्याच्या आरंभीच ही टेकडी येते, आणि ती वर्गात शिकविताना मुंबईकडच्या विद्यार्थ्यांच्या मुखांवर दरवर्षी एकच स्मित उमटते. कारण त्यांस शीवेचे रेल्वे स्टेशन आठवते. पूर्वी या स्मिताचा आम्हांस राग येत असे. आता वाटते की, त्या मुलांना नकळत एक मार्मिक गोष्ट सापडलेली असते. मुंबई बेटाची जी शीव, म्हणजे सीमा, तिचे साहेबाच्या जिभेवर सायन झाले. आणि यूटामधली ही दरी 1909 साली प्रथम सरकारी संरक्षणाखाली आली तेव्हा तिला पायूट लोकांच्या भाषेतून घेतलेले 'मुकुंतुवीप' हे नाव होते, ते उच्चारावयास जड म्हणून 1918 साली बदलून तेथेही झायनच करण्यात आले. या दरीस झायन म्हणण्याचा प्रघात 1860 नंतरच्या दशकात येथे येऊन राहिलेल्या आयझॅक बेहुनिन नावाच्या मॉर्मनपंथी शेतकऱ्याने पाडला असे सांगतात. पुढे 1919 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. मूळ रहिवाशांस मात्र आपली दरी 'पवित्र नगरी' आहे की नाही हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. असो.

या पवित्र नगरीत 2021 साली पन्नास लाखांहून अधिक यात्रेकरू येऊन गेले. मुख्य दरी एवढी चिंचोळी की, वर्षाच्या बहुतेक काळात खासगी मोटारींस तेथे मज्जाव आहे. सरकारी बसगाड्या लोकांस आत नेतात आणि बाहेर आणतात. ही व्यवस्था 2000 सालापासून आहे व ती उत्तम आहे. 'एंजल्स लँडिंग' नावाच्या एका अवघड सुळक्यावर साखळी धरून चढावयाचे तर 2022 पासून त्यासाठी सोडतीत नाव निघावे लागते. देवदूतांनाच उतरता यावे अशा ठिकाणी जाण्यास चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, हे वाचून आम्हांस फार करमणूक वाटली. दोन दिवस आम्ही त्या बसगाड्यांतून हिंडलो. रांगेत उभे राहिलो, नदीकाठच्या फरसबंदीवरून शेकडो लोकांच्या मागोमाग चाललो, कड्याकडे पाहण्यासाठी मान वर केली की कोणाचा तरी छायाचित्रे काढण्याचा दांडा डोळ्यांसमोर येई, आणि रात्री मुक्कामी आल्यावर गर्दीविषयी यथेच्छ तक्रार केली.

येथे एक कबुली द्यावयास हवी. ही गर्दी आम्हांस मनातून हवीशी वाटत होती.

कारण असे की, आमच्या पेटीत एक पत्र होते. वाईस कृष्णेच्या काठी आमचा वडिलार्जित वाडा आहे. त्याचे तीन हिस्से. पैकी एक आमचा. चुलत बंधूंनी लिहिले होते की, वाड्यास गिऱ्हाईक आले आहे, किंमत बरी देतो, दोघांची संमती आहे, तुमची सही तेवढी राहिली. सही करण्यापूर्वी चिरंजीवांस एकच प्रश्न विचारावयाचा होता. तो प्रश्न वाड्याविषयी नव्हता हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तीन आठवडे तो आमच्या ओठांवर होता. परंतु घरी त्यांचे काम चाले, संध्याकाळी त्यांचे मित्र येत, आणि प्रवासात झायनची गर्दी होती. बसगाडीत एका हाताने वरची कडी धरून, दुसऱ्या हाताने टोपी सावरीत, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. गर्दी माणसांस एकमेकांजवळ आणते म्हणतात. आम्हांस तिने एकमेकांपासून फार सोयीस्कर रीतीने दूर ठेविले होते.

तिसऱ्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, या उद्यानाचा एक कोपरा आहे, तिथे फारसं कोणी जात नाही. चाळीस मैल आहे. जाऊ या?" आमच्या व्रताची आठवण ठेवूनच त्यांनी हे शोधून काढिले होते. नाही म्हणण्यास जागा नव्हती.

त्या कोपऱ्याचे नाव कोलॉब कॅनियन्स. मुख्य दरीतून बाहेर पडावे, हरिकेन गावावरून वळसा घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या हमरस्त्यास लागावे, आणि चाळीस क्रमांकाच्या फाट्यावर उजवीकडे वळावे. गंमत अशी की, हा कोपरा काही आडरानात नाही. लास व्हेगसहून सॉल्ट लेक सिटीस जाणारा हजारो मोटारींचा ओघ त्याच्या अगदी दारावरून वाहतो. पण सर्वांनी मुख्य दरीचे नाव ऐकलेले असते आणि याचे ऐकलेले नसते, एवढ्यावर सगळे ठरते. वाड्याच्या दिंडीदरवाजावर पाहुण्यांची रीघ लागावी आणि परसदारी कोणी फिरकू नये, तसा हा प्रकार. सरकारलाही हे परसदार उशिराच सुचले. 1937 साली ते एक स्वतंत्र राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवण्यात आले आणि 1956 साली उद्यानास जोडले गेले. आता ही वाट येथे छापून आम्ही तिकडे गर्दी वाढवीत आहो असा आक्षेप कोणी घेईल. परंतु मराठी मासिकाच्या वाचकांनी एखाद्या स्थळी रेटारेटी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

'कोलॉब' हा शब्द मॉर्मन धर्मग्रंथातला आहे. ईश्वराच्या सिंहासनाच्या सर्वांत निकट जो तारा त्याचे ते नाव, आणि त्या ताऱ्यावरचा एक दिवस म्हणजे पृथ्वीवरची हजार वर्षे. ब्रह्मदेवाच्या दिवसाचा हिशेब लहानपणी पाठ केलेल्या माणसास हजार वर्षे म्हणजे अगदीच किरकोळ वाटतात. पण त्या पाच मैलांच्या चढत्या रस्त्याने मोटार वर गेली, पहिल्याच वळणानंतर तांबड्या कड्यांची रांग एकदम समोर उभी राहिली, आणि आमचा हिशेब चुकला. हाताची बोटे फाकून पालथा पंजा टेकावा त्याप्रमाणे हे कडे पठारातून पुढे आलेले आहेत, आणि दोन-दोन बोटांच्या मधल्या बेचक्यांत गर्द सावलीच्या दऱ्या आहेत. मुख्य दरीतले कडे वरच्या अंगास पांढुरके होत जातात. हे जवळजवळ माथ्यापर्यंत तांबडे. उद्यानातले सर्वांत उंच शिखर, 8,726 फुटांचा हॉर्स रँच माउंटन, याच भागात आहे. पण त्याची कोणी विचारपूस करीत नाही, कारण ते सुळक्यासारखे नाही, पसरट आहे. मनुष्यांतही असेच चालते.

तांबड्या दगडाचे आम्हां लोकांस कौतुक नवे नाही. कोकणातला जांभा आम्ही पाहिला आहे, आणि त्याचा रंग लोखंडाच्या गंजाचा असतो हेही ऐकून आहो. येथील रंगही लोखंडाचाच. पण दगडाचे कूळ अगदी निराळे. आमचा सह्याद्री अग्नीच्या पोटचा; सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमी फाटून वाहिलेल्या लाव्हारसाचे थरांवर थर बसून तो काळा कातळ झाला. हा तांबडा खडक वाऱ्याच्या पोटचा. सुमारे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी या भागात अफाट वाळवंट होते. वाऱ्याने वाळूच्या टेकड्या रचल्या, मोडल्या, त्यांवर दुसऱ्या रचल्या. कालांतराने त्या गाडल्या गेल्या, पाण्याबरोबर आलेल्या चुन्याने व लोहाने कणास कण चिकटला, आणि वाळूचा दगड झाला. कड्याकडे निरखून पाहिले म्हणजे तिरक्या रेघांचे पट्टे दिसतात, एकावर एक, निरनिराळ्या दिशांस कललेले. त्या रेघा म्हणजे त्या काळच्या टेकड्यांचे उतार. वारा कोणत्या अंगाने वाहत होता हे भूगर्भशास्त्रज्ञ त्यांवरून आजही सांगू शकतात. घडून गेलेल्या वाऱ्याची दिशा दगडात राहावी, या गोष्टीपाशी आमचे मन बराच वेळ घुटमळले.

टेलर क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाने एक पाऊलवाट आत जाते. जाऊन-येऊन पाच मैल. वाटेच्या तोंडाशी पाटी आहे की, एका टोळीत बारांहून अधिक माणसे असू नयेत. हा भाग 2009 सालापासून कायद्याने 'अरण्य' ठरविलेला आहे. आम्ही (येथे हे सर्वनाम खरोखरच अनेकवचनी आहे) तिघे होतो. सगळ्या वाटेत आम्हांस आणखी पाच माणसे भेटली. ओढा घोट्याएवढा, तो पुनःपुन्हा ओलांडावा लागतो, आणि प्रत्येक वेळी दगडावरून दगडावर पाय टाकताना चिरंजीव पुढे होऊन हात देत. पहिल्या चार-सहा वेळा आम्ही तो हात नाकारला. नंतर घेऊ लागलो. काठाने ओकची खुरटी झाडे पिवळी-तांबूस झाली होती, देवदार जातीचे उंच वृक्ष सावलीत हिरवेगार उभे होते, आणि पलीकडे कोठेतरी एक पक्षी वरून खाली उतरत जाणाऱ्या सुरांची लड सोडीत होता.

मैलभर गेल्यावर लाकडाच्या ओंडक्यांची एक खोली लागते. पुढे तशीच दुसरी आहे. सरकारकडून मोकळी जमीन घेऊन, तिच्यावर राहून आणि ती कसून मालकी मिळवावयाची, अशी त्या देशात 1862 च्या कायद्यापासून पद्धत होती. त्या पद्धतीने येथे वस्ती करू पाहणाऱ्या दोघांनी 1930 च्या आगेमागे या खोल्या बांधल्या. पहिली गुस्टिव्ह लार्सन यांची. हे गृहस्थ पुढे इतिहासाचे प्राध्यापक झाले असे कळले तेव्हा आम्हांस एकदम आपुलकी वाटली. दुसरी आर्थर फाइफ यांची. दोघांपैकी कोणाचेही बिऱ्हाड आता तेथे नाही. दार बंद, छपराखाली अंधार, ओंडक्यांच्या फटींत माती. उद्यानाचे लोक तेवढी डागडुजी करतात.

सौभाग्यवतींचे गुडघे येथवर आले, पुढे नाही म्हणाले. "तुम्ही दोघे जाऊन या, मी इथे बसते," असे म्हणून त्या त्या खोलीसमोरच्या एका ओंडक्यावर बसल्या. त्यांच्या गुडघ्यांत तेव्हा खरोखर किती कळ होती हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.

वाटेच्या शेवटी कड्याच्या पोटात एक प्रचंड कोनाडा आहे. वर डोळ्याच्या भुवईसारखी एक कमान, तिच्याही वर दुसरी. सच्छिद्र वाळूच्या दगडातून मुरत आलेले पाणी येथे झिरपते. त्याने खडक आतून सैल होतो, पापुद्रे गळतात आणि पोकळी वाढत जाते. भिंतीवर तांबडे, काळे, हिरवट ओघळ; वरून थेंब पडत होते. थेंबांच्या मधला काळ एवढा निःशब्द की, आम्हांस आपल्या कानांतला रक्ताचा आवाज ऐकू येऊ लागला. वर्गात 'मौन' या विषयावर आम्ही वेळोवेळी पुष्कळ बोललो आहो. खरे मौन समोर आले तेव्हा आम्ही काय केले म्हणाल? पाण्याची बाटली काढून तिचे झाकण उघडले, लावले, पुन्हा उघडले.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "अप्पाकाकांचं पत्र मलाही आलंय."

"केव्हा?"

"तुम्ही यायच्या आधी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो."

म्हणजे तीन आठवडे दोघेही गर्दीच्या आडोशास उभे होतो. आता आडोसा नव्हता. आम्ही विचारले, "तू परत येणार आहेस का?" वाक्य लहान होते, पण त्या कोनाड्याने ते उचलले, भिंतीवरून फिरविले, आणि जणू तिसऱ्याच कोणीतरी विचारल्याप्रमाणे आमच्याकडे परत आणून दिले.

ते बराच वेळ वर पाहत राहिले. मग म्हणाले, "नाही, बाबा." आणि थोड्या वेळाने: "पण वाडा विकू नये असं वाटतं."

या दुसऱ्या वाक्याचा आम्हांस पहिल्यापेक्षा अधिक राग आला, हे सांगावयास हवे. राहावयाचे नाही, यावयाचे नाही, आणि वाडा मात्र उभा असावा! झाडलोट कोणी करावयाची? पावसाळ्यापूर्वी कौले कोणी चाळावयाची? परसातल्या विहिरीचा गाळ कोणी काढावयाचा? येथील सरकार दोन रिकाम्या खोल्या जपते, कारण त्यांत राहण्याचे बंधन कोणावरच नाही. आमच्या वाड्याच्या मागे असे कोणते सरकार उभे आहे? हे सर्व आम्ही बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि मिटले. कारण त्याच क्षणी एक साधा हिशेब मनात येऊन उभा राहिला. आम्ही सतराव्या वर्षी कॉलेजासाठी वाई सोडून पुण्यास आलो. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्या वाड्यात सलग आठ दिवसांहून अधिक आम्ही एकदाही राहिलो नाही. वाई ते पुणे हे अंतर जेमतेम साठ मैलांचे. आम्ही निघालो त्या दिवशी वडिलांनी ओटीवरून एवढेच विचारले होते, "गाडी किती वाजताची?" त्यांनीही आपला खरा प्रश्न कोठेतरी ठेवून दिला असला पाहिजे, आम्हांस कधी तो ऐकू आला नाही, आणि त्यांच्या वाट्यास असा कोनाडाही आला नाही.

"चल," आम्ही म्हटले, "आई एकटी बसली आहे."

परत येताना ओढा ओलांडताना कोणी कोणास हात दिला हे आता नीटसे आठवत नाही. सौभाग्यवती ओंडक्यावर होत्या तशाच बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले, चिरंजीवांकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "विचारलंत का एकदाचं?" पेटीतल्या त्या पत्राविषयी आम्ही त्यांस अवाक्षर सांगितले नव्हते.

सूर्यास्ताच्या सुमारास आम्ही रस्त्याच्या टोकाशी असलेल्या टेकाडावर गेलो. या कड्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्याने संध्याकाळचे ऊन त्यांवर सरळ पडते. प्रथम ते विटेच्या रंगाचे होते, मग निखाऱ्याच्या. आणि मग खालून सावली चढू लागली, एकेक बोट मिटल्यासारखी. बाकावर आमच्याखेरीज एक वृद्ध जोडपे होते. त्यांनी हसून मान लवविली आणि पुन्हा समोर पाहू लागले. कोणीच काही बोलत नव्हते, आणि सकाळी ज्या शांततेचे भय वाटले तिचे आता वाटत नव्हते; निदान तेवढे वाटत नव्हते.

"विहिरीवरचा रहाट आहे का अजून?" चिरंजीवांनी एकदम विचारले.

1998 साली पंप बसविला तेव्हाच तो काढून टाकला होता. चिरंजीव त्या वेळी सहा वर्षांचे. आम्ही तसे सांगितले.

"मला त्याचा आवाज आठवतो," ते म्हणाले.

आम्हांस तो आवाज आठवत होता की नाही, हे आम्ही मोटारीपर्यंत जाताना आठवून पाहत होतो. पुण्यास परत येऊन आता काही महिने झाले. चुलत बंधूंचे दोनदा फोन येऊन गेले. पत्र मेजाच्या खणात आहे, सही अद्याप झालेली नाही. आणि मधल्या एका आठवड्यात, कॉलेजास सुटी नसताना, आम्ही वाईस जाऊन दहा दिवस राहून आलो.